खूण

पहिल्याच दिवशी आयलिफ म्हणाला,
समुद्राला पत्ता नसतो.
पत्ता जमिनीवर असतो, दोन खुणांत:
चर्चचा मनोरा, आणि त्याच्यामागे घोड्याच्या पाठीसारखा डोंगर.
मनोरा घोड्याच्या मानेवर आला, की गळ सोड.
खाली कॉड असतो.
जरा सरकला, तर खाली नुसता खडक,
आणि वर तू, तुझी हौस, तुटलेला दोर.

अकरा हिवाळे मी त्याच्या नावेवर काढले.
दाढीत बर्फ, बोटांच्या भेगांत मीठ,
आणि त्याचं एकच पालुपद:
लाट बघू नकोस, मनोरा बघ.
लाट आपली आपण येते,
तुझ्या बघण्यावाचून तिचं काही अडत नाही.
रविवारी त्याच मनोऱ्याखाली,
छताला टांगलेल्या छोट्या गलबताच्या सावलीत बसून
वेदीवरच्या लाकडी ख्रिस्ताकडे तो तसाच बघायचा,
सुकाणू हातात असल्यासारखा.
प्रवचनात डुलकी लागली तरी मान तिकडेच.

मग त्याच्या डोळ्यांचा मध्य गेला.
ट्रॉम्सच्या डॉक्टरणीने कागदावर वर्तुळ काढून दाखवलं:
कडा राहतील. मधलं जाईल.
जिथे रोखून बघाल, तिथे भोक.
आयलिफ हसला.
म्हणजे सत्तर वर्षं जे शिकलो, ते उलटं करायचं?

त्या रविवारी वेदीवर
पसरलेले हात होते, खिळ्यांवरचे पाय होते,
चेहऱ्याच्या जागी धुकं.
जितका रोखून बघे, तितकं दाट.
प्रभुभोजनाला तो उठलाच नाही.
घरी येऊन बूट न काढता बसून राहिला.
रागावला होता, आणि माझ्यावर नाही.
बराच वेळाने म्हणाला,
नजर मी ढळू दिली नव्हती ना रे?
तू होतास. सांग.

नाही, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
मी स्वतः निम्मा वेळ लाटाच बघत होतो,
पाण्यावर चालायला निघालेल्या त्या कोळ्यासारखा;
फक्त बुडताना मनगट धरायला
मला आयलिफ होता.

वसंतात एक पोरगी आली, नजर शिकवणारी.
म्हणाली, माणूस बघायचा तर त्याच्या कानापलीकडे बघा.
किटलीवर सराव केला, मांजरावर केला, मग माझ्यावर.
माझ्या कानापलीकडच्या खिडकीकडे बघत बघत
एकदम म्हणाला, अरे, तू म्हातारा झालास की.

चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला
पहिल्या बाकावर तोरबोर्ग बसते.
तिचा मुलगा आणि त्याची होडी, दोन्ही परत आले नाहीत.
तिच्याशी आयलिफ बारा वर्षं बोलला नव्हता;
भांडण जाळ्यावरून होतं, कुणाला नीट आठवतही नाही.
आता ख्रिस्त शोधायला
त्याला तिच्याकडे बघावं लागलं.
तोरबोर्ग भोकात गेली,
आणि कडेला, ओलसर काचेतून यावा तसा,
तो चेहरा आला. झुकलेला. एका गालावर जुनी चीर.
दचकून त्याने वेदीकडे नजर वळवली,
तर चेहरा गेला, आणि कडेला तोरबोर्ग दिसली:
गीतांचं पुस्तक धरलेले थरथरते हात,
पान उलटत नव्हतं.

पुढे काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही.
मी पाहिलं ते इतकंच:
भाकर घ्यायला तो उठला,
वाटेत पहिल्या बाकापाशी थांबला,
आणि तिचं पान उलटून दिलं.
चुकीचं पान होतं.
तिने ते तसंच राहू दिलं.

ऑगस्टात शेवटचा म्हणून त्याला नावेतून नेला.
मनोरा कुठे आहे, त्याने विचारलं.
मी सांगायच्या आत
तोंड उघड्या समुद्राकडे फिरवून, डोळ्याच्या कडेने
त्याने दोन खुणा जुळवल्या
आणि दोर सोडला.
दोर बराच वेळ उतरत राहिला.

माझे डोळे अजून शाबूत आहेत.
मधोमध सगळं लख्ख दिसतं.
मनोरा दिसतो.
लाटही दिसते.