नमुना क्रमांक सतरा

कुठ्ठाळीच्या जुन्या फेरी धक्क्याखाली
नायलॉनच्या दोरीला मी चोवीस पत्रे बांधलेत,
तांब्याचे, आगपेटीच्या मापाचे.
भरतीत बुडतात, ओहोटीत लोंबतात
झुआरीचं मीठ अंगावर वाळवत.
बारा उघडे.
बारांवर कोळसा.

"कोळसो खंय दिसता गो?"
फेरीचा फिटर दुमिंग विचारतो,
पत्रा उन्हात धरून, एक डोळा मिटून.

दिसत नाही.
हजार अंश तापल्या नळीत वायू फुटतो,
त्यातला कार्बन तांब्यावर उतरतो
आणि अणूनं अणू धरून बसतो.
एकच पदर.
केसाच्या जाडीत असे दोनेक लाख मावतील.
तरी त्यातून पाणी जात नाही,
प्राणवायू जात नाही.

बाबांना पटत नाही.
सव्वीस वर्षं त्यांनी रासयच्या गोदीत
खनिजाच्या बार्जखाली उताणं पडून
हातोडीनं गंज झाडला,
मग शेंदरी प्रायमर, मग काळा, मग आणखी काळा.
त्या ठोक्यांनी डावा कान नेला.
"ही कसली कल्हई?" ते मोठ्यानं म्हणतात,
"कल्हईलासुद्धा निदान कथील लागायचं."

नवव्या आठवड्यात सतरा नंबर वर काढला.
सगळा पत्रा कालच घासल्यासारखा गुलाबी,
आणि उजव्या कोपऱ्याशी
मोहरीएवढा हिरवा ठिपका.
सुई घातली. सुई आत गेली.

थर एका दमात पसरत नाही.
आधी बेटं उगवतात, दिवाडीसारखी, चोडणसारखी,
वाढत वाढत एकमेकांना भिडतात
आणि भिडतात तिथे शिवण राहते.
शिवण उसवली की समुद्र तिथंच तोंड लावतो.
उघडे पत्रे सगळीकडून थोडे थोडे झिजले होते.
हा एकाच जागी, खोल,
कारण भोवतीचा कार्बन स्वतः झिजत नाही,
सगळी भूक त्या ठिपक्यावर ढकलतो.

वहीत मी 'निकामी' लिहिलं.
खोडलं.
'भोक: एक' लिहिलं.

बाबांनी पत्रा उजव्या कानाशी नेला,
नखानं टिचकी मारली, कडेकडेनं,
बार्जच्या पोटावर मारायचे तशी.
"बद्द वाजतं ते इथं," म्हणाले,
"रंग धड असला की आतलं कळत नाही.
आम्ही डोळ्यांनी कधी तपासलंच नाही."

सोमवारी पंचविसावा बांधायचा आहे,
दोन पदरांचा. शिवणीवर शिवण येणार नाही
असं गणित सांगतं.
दुमिंगनं गाठ मारून द्यायचं कबूल केलंय.

सतरा नंबर बाबांनी परत दिला नाही.
सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून फिरतात,
मासळीबाजारात, बसस्टॉपवर, दुपारी झोपतानाही.
खिशात घाम आहे, घामात मीठ.
मी काही बोलले नाही.