कान टोचलेलं

म्हापशाच्या शुक्रवारात, चोरिसांच्या माळांपलीकडे
इनास पिशवीतून नाणी काढतो.
तशी मीही काढली, बँकेत, एकतीस वर्षं,
पण मी ती वजनावर मोजली.
थैली, शिक्का, सही. पुढचा कोण?

तो मोजत नाही. कडेनं धरून वळवतो,
पोटाला अंगठा लागू देत नाही,
आणि म्हणतो, हे कुशीवर निजलंय.
म्हणजे ठसा सरकलाय, राजाचं नाक काठाबाहेर.
हे तोतरं. हातोडा दोनदा पडला,
तारीख दोनदा उच्चारली गेली.
हे कुजबुजलेलं. हे दात पडलेलं.
हे बाजार न पाहिलेलं, बघ, अजून लाजतंय.
आणि हे कथलाचं बझारूक? साबण.
इतक्या हातांतून सरलं
की कुणाचं होतं ते वजनच काय ते सांगेल.

मी डबा पुढे केला. क्रीम क्रॅकरचा,
झाकणाला गंज.
वहिनी म्हणाली होती, विकून टाक,
निदान त्या कपाटातल्या मुंग्या तरी जातील.

रोहिदासदादा डिचोलीला खाणीवर टिपर मोजायचा.
घरी यायचा तो भुवयांपर्यंत तांबडा,
न्हाणीतून उतरायचं ते पाणीही तांबडं.
बोलणं बेताचं.
माझ्या लग्नात, मी निघताना,
सगळे रडत असताना तो म्हणाला, बस आली.

डब्यात वही होती. हिशेबाची, लाल रेघांची.
मला वाटलं, आकडे असतील.

‘रुपी, चांदीची. संध्याकाळ धरलेली.
कडेला वांग्याच्या सालीचा रंग, मधे अजून ऊन.’
‘एस्कुदो. गोरा, गर्विष्ठ, कधी कुणाच्या खिशात घामेजला नाही.’
‘तांब्याचं. पिकल्या बोंडूसारखं लाल होतं,
माझ्याकडे आलं आणि काळवंडलं.
दोष आमच्या हवेचा. किंवा माझा.’

हा माणूस पन्नास वर्षं जेवताना
फक्त ‘मीठ’ म्हणायचा.

इनासनं ती चांदीची रुपी उजेडात धरली, दुसरी,
पांढरीफटक, नको तितकी चकचकीत.
‘न्हालां हें, बाय,’ कुणी गेल्याचं सांगावं तसा म्हणाला,
‘अर्दें मोल गेलें.’
मी वहीत शोधलं. होतं.
‘दिवाळी, सत्त्याऐंशी. न्हालं.
लक्ष्मीपूजनाला तिनं आमसुलांनी घासलं,
सकाळपासून बसून, राखेनंही.
शंभर वर्षांची कांती उतरली.
तिनं प्रेमानं केलं. बोललो नाही.’

ते आठ दिवस मला आठवतात.
वहिनीला वाटलं होतं, तो रागावलाय.

भाव ठरत गेले. इनास प्रामाणिक माणूस,
खोटं निघालं ते त्यानं हळूच बाजूला ठेवलं
आणि त्यालाही नाव दिलं: गोड बोलणारं.
मासे संपत आले होते, बायका पाट्या धूत होत्या.

तळाशी एक अर्धी रुपी. वर, कपाळावर, भोक.
इनासनं वळवलीसुद्धा नाही.
‘कान टोचलेलं. चांदीच्या भावान घेतां.’

वहीचं शेवटून दुसरं पान.
त्याचं अक्षर इथे जरा मोठं:
‘कान टोचलेलं. शालनच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यातलं.
चार महिन्यांची होती. तोंडात घालायची.
छिद्राचे काठ मऊ.
दातांच्या खुणा नाहीत, दात नव्हते.
राजाचा गाल पुसट: ती रांगायची, जमीन शेणाची.
दर्जा:’
पुढे काही नाही. रेघ कोरी, शाई थांबलेली.

मी ते उचललं, बँकेतल्या सवयीनं,
सरळ पोटावर अंगठा दाबून.
‘आंगठो!’ इनास ओरडला.

लागू दे, म्हटलं,
आणि बाकीचे पैसे न मोजता घेतले.