संकोच

लोखंड निवताना आक्रसतं.
म्हणून आम्हा पॅटर्नवाल्यांची फूटपट्टीच
शंभरात एक जादा असते.
उद्यमनगरात एकतीस वर्षं
त्या खोट्या पट्टीनं मी खरी मापं घेतली.
आयटीआयच्या वहीत या आक्रसण्याला
'संकोच' लिहिलेलं. आम्ही पोरं हसायचो.

सवयीनं गिटारीलाही तीच पट्टी लावली.
साडेसहाशेला साडेसहा मिलिमीटर जादा,
पडद्यांच्या खाचा एकजात चुकलेल्या.
शिसवीचा तो तुकडा बंबात गेला.
त्या दिवशी अंघोळीचं पाणी
जरा महागच पडलं.

पॅटर्न वाळूत दाबायचा, उचलायचा,
उरलेल्या खड्ड्यात रस ओतायचा.
लाकूड परत रॅकवर, काळोखात.
त्यालाही आम्ही रंग द्यायचो:
मशिनिंगला पिवळा, कोअर प्रिंटला काळा, बाकी लाल.
पण तो रंग म्हणजे सूचना.
पंपाच्या पॅटर्नला
'काय देखणा दिसतोय' म्हणालेलं
मी कुणाला ऐकलं नाही.

लक्ष्मीपुरीत तीन दुकानं हिंडलो.
डब्यांत सगळे कपाटांचे रंग.
शेवटी सुभाषनगरात, सातपुत्यांच्या माडीवर.
ते चपलेच्या कानावरून चिंधी फिरवत होते
आणि कातडं चिंचोक्यासारखं होत चाललेलं.
"लाकडाला चालंल काय हो?"
"मला काय ठावं? कातड्याला दोन हात लागत्यात.
तुझ्या लाकडाला तू इचार."
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत ओतून दिला.
वीस रुपये घेतले. बाटली परत आण म्हणाले.

शालन वास घेऊन म्हणाली,
"चपलंचा रंग! आणि हे गळ्यात अडकवणार?
म्हंजे चपलांचा हारच की."
दोन दिवस आल्यागेल्याला तेच सांगत होती.

आधी ओल्या फडक्यानं लाकूड पुसलं,
उठलेली लव तीनशे वीसच्या पेपरनं बसवली.
मग चिंधी. रेषेच्या बाजूनं, न थांबता;
थांबलं की डाग.
फणसाची पिवळी पाठ पहिल्या हाताला भांबावली,
दुसऱ्या हाताला सावरली.
देवदारानं मात्र इथं जास्त प्याला, तिथं कमी,
आणि खालच्या अंगाला, कडेशी,
रंग बसेचना.
पुन्हा चिंधी. पुन्हा. तिथं पांढुरकं तसंच.
चष्मा बदलून पाहिलं:
अंगठा.
गोंद लावताना क्लॅम्प सटकला होता,
शालननं धावत येऊन सांधा दाबून धरला होता
मी दुसरा क्लॅम्प शोधेपर्यंत.
पोळ्या करता करता आली होती.
गोंद पुसला, असं मला वाटलं होतं.

पेपर हातात घेतला. खरवडलं की जाईल.
आमच्या धंद्यात बोटभर खड्डा राहिला
तर तोच खड्डा हजार कास्टिंगांत उतरतो.
मेणानं भरायचा, लपवायचा, हे हाताला ठाऊक.
पेपर गुडघ्यावर तसाच राहिला
चहा येईपर्यंत.
चहा देताना तिनं वाकून बघितलं,
आपला अंगठा जवळ नेला, टेकवला नाही.
"माझाच की हा," म्हणाली. "बोट भाजलेलं त्या दिवशी."
आणि कपबशी घेऊन आत गेली.

लाख स्पिरिटात रात्रभर विरघळत ठेवली होती,
सकाळी बाटलीत काकवी.
सुती बोळ्यानं आठाच्या आकड्यात फिरवत गेलो,
थेंबभर गोडं तेल, की बोळा अडकू नये.
लाखेनं रंग वर उचलून धरला.
रेषा अशा हलल्या
की मी मान तिरकी करून
दोनदा खिडकीकडं बघितलं.
अंगठाही उठून दिसायला लागला,
काचेखाली ठेवल्यासारखा.

सातवा हात आज दुपारी.
बाहेर चैत्राचं ऊन, फाउंड्र्यांची काळी धूळ.
दारं लावली, पंखा बंद केला.
तारा अजून पुडक्यातच आहेत,
मला वाजवता येत नाही, हेही खरं.
शालन पुठ्ठ्यानं वारा घेत बसलीय
गिटारीकडं पाठ करून,
पुठ्ठा अगदी हळू हलवत,
कूस उडून तिकडं जाऊ नये म्हणून.