पाच इंजिनं

बिल आलं तेव्हा मी आधी चष्मा पुसला.
नऊ हजार आठशे चाळीस.
मागच्या तिमाहीत सहाशे वीस होतं,
आणि त्यावरही मी भारंबेकाकूंपाशी कुरकुर केली होती.
वापर : एक लाख तेवीस हजार लिटर.
भुसावळात. जिथे नळ आठव्या दिवशी येतो,
तोही रात्री दोनला, चोरासारखा.

नगरपालिकेत खिडकी तीन. काचेमागे तायडे.
मीही काचेमागेच बसते, पोस्टात, बचत खात्याला,
त्यामुळे "मीटर खोटं बोलत नाही, मॅडम"
हे कुठल्या खणातून काढलेलं वाक्य आहे
ते मला ठाऊक.
मी म्हटलं, आधी तासभर नुसती हवा येते,
काटा हवेवरसुद्धा फिरतो.
ते म्हणाले, हवा एवढी नसते.

रशीद मिस्त्रीने मोरी ठोकली, ओटा ठोकला,
टाकीत दोरीने मोबाईलचा उजेड सोडून पाहिला.
"ताई, घर ठणठणीत कोरडं आहे."
दीडशे रुपये घेऊन गेला.

मग पाण्याची रात्र आली.
मीटरपाशी स्टूल टाकून बसले.
मे महिना; दोन वाजताही भिंती तव्यासारख्या.
आधी पाइपात फुसफुस झाली, लांबून,
कुणी दम खात चढ चढतंय तशी.
आणि बाबा उठले.
आडनाव झोपे, आणि वर्षभर झोप अशी नाही.
डोक्याला रुमाल बांधला, रबरी नळी खांद्यावर टाकली,
मागचं दार उघडून नळी कुंपणापलीकडे
उंच धरली, फलाटावरच्या सोंडेसारखी,
जिथे काहीच नाही. पडीक प्लॉट, एक बाभूळ.
"डब्ल्यूजी आहे," म्हणाले, "पाच हजार गॅलन लागतं."

तेव्हा कळलं, बाभूळ एवढी हिरवी का,
भर उन्हाळ्यात तिच्याखाली म्हशी का बसतात,
आणि पाइप फुटलाय म्हणून गल्लीने
तीन अर्ज का दिलेत.
एकावर माझीच सही आहे.

नळ बंद करायला पुढे झाले
तर त्यांनी मनगट धरलं.
तरुणपणी कोळसा मारलेला पंजा, अजून तसाच.
"वरून आवाज आल्याशिवाय चाक फिरवायचं नाही."
वर कोण होतं? चांदण्या होत्या.
आवाज द्यायचा तो ड्रायव्हर फर्नांडिस
खंडव्याला वारला, त्याला तीस वर्षं झाली.

सकाळी बिलाच्याच पाठीवर मांडलं :
आमचं दहा हजार वजा,
उरलं त्याला भागिले एक टेंडर.
पाच.
एका तिमाहीत पाच इंजिनं भरून
बाबांनी नागपूरकडे सोडली.

अर्ज केला, हप्ते मागितले.
कारणाच्या रकान्यात "गळती" लिहिलं.
तायडेंनी वर पाहिलं. "सापडली का?"
सापडली.
"दुरुस्त?"
बघते, म्हटलं.
त्यांनी आणखी काही विचारलं नाही, तीन हप्त्यांचा शिक्का मारला.

पुढच्या पाण्याच्या रात्री काही सुचेना,
म्हणून सकाळचा डबा तेव्हाच करायला घेतला,
उकाड्यात वरण आंबणार हे माहीत असून.
तुरीची डाळ. कुकरची पहिली शिट्टी झाली
आणि मागच्या अंधारात
नळाची चावी करकरत फिरली.
बाबा आत आले, हात पुसत.
"सुटली," म्हणाले,
आणि झोपले. घोरायलाच लागले.

आता दर आठव्या रात्री
टाकी भरली की मी डाळ लावते.
परवाचं बिल सातशे दहा.
सिलिंडर मात्र आठ दिवस आधी संपतो,
आणि भारंबेकाकू कुंपणावरून विचारतात,
"काऊन वं, इतक्या रातचं वरण कोणाले?"

बाभळीची पानं झडताहेत.
म्हशी येतात अजून, उभ्या राहतात थोडा वेळ,
जातात.