मधलं खाकरणं

वडील गेले त्या आठवड्यात समुद्र गप्प होता.
अंगणात दोरीवर माकूळ वाळत होते,
ते कुणी उतरवलेच नाहीत.
पाचव्या दिवशी मी फेरीबोटीच्या खिडकीत परत बसलो,
तिकिटं फाडू लागलो,
तर गावातले लोक सुटे पैसे मोजता मोजता म्हणाले,
मासुइची, आता ते तुझ्याकडे ना?

ते म्हणजे कपाट.
आमच्या बेटावर देव कपाटात असतो,
गाद्यांच्या घड्यांमागे.
गुंडाळलेल्या कागदावर किमोनो नेसलेली बाई,
कडेवर मूल, पायाखाली चंद्राची फाक.
दुरून जहाजातून आली तेव्हा तिचा पोशाख वेगळा होता म्हणतात.
हे बोलायचं नसे.
बोललं तर मान जात असे.
आता बोललं तरी कुणाला वेळ नाही.

प्रार्थना अठ्ठावीस मिनिटांची.
वडिलांनी मला ती नावेत शिकवली,
थंडीच्या शेवटच्या चाळीस दिवसांतच, एरवी नाही.
एक ओळ ते, एक ओळ मी.
अर्थ विचारला की वल्हं पाण्यावर आपटायचे,
"भाताला विचारतोस का अर्थ?"
मी पुन्हा विचारला नाही.
तोंडपाठ झाली,
अंधारात जिन्याच्या पायऱ्या पायांना पाठ होतात तशी.

वर्षाच्या आठवणीला नागासाकीहून फादर इवानागा आले.
मृदू माणूस. चहा दोन्ही हातांनी घेतला.
त्यांच्या वहीत आमचा प्रत्येक शब्द होता
आणि त्याखाली, लाल शाईत, त्याचा खरा शब्द.
हे लॅटिन. हे पोर्तुगीज. हे फार झिजलंय.
इथे तुम्हाला कृपा म्हणायचंय.
इथे फळ. इथे बहुधा रडणं.
जाताना बूट घालत हळूच म्हणाले,
"घरी या. दार उघडंच आहे."

रात्रभर वही वाचली.
अर्थ चांगले होते, खोटं कशाला बोलू.
पण अनोळखी घराच्या भिंतीवर
आपलाच लहानपणीचा फोटो दिसावा
आणि खाली दुसऱ्याचं नाव असावं,
तसं काहीतरी झालं.

ओसाकाहून मुलीचा फोन.
लग्नाच्या हॉलवाल्याला फॉर्म भरून हवाय,
"बाबा, धर्माच्या रकान्यात काय लिहू?"
आमच्याकडे बुद्धाचा देव्हारा आहे,
टेकडीवरच्या शिंतो देवळाची वर्गणी आहे,
आणि कपाट आहे.
म्हटलं, थांब, विचारून सांगतो.
कुणाला विचारणार होतो, कोण जाणे.

त्या रात्री कपाटापुढे बसलो
आणि निम्म्यावर ओळ सुटली.
शोधली. लाल शाईतही शोधली. नाही.
मग आठवलं, इथे वडील खाकरायचे.
दरवेळी. ह्याच जागी. दोनदा.
मला वाटायचं, तंबाखू.
मी खाकरलो,
आणि पुढची ओळ
झोपेतून उठल्यासारखी आली.

काकूकडे जुनी कॅसेट होती.
आजोबांचा आवाज, मागे कोंबड्या.
आजोबा बिडीला कधी शिवले नाहीत,
आणि त्याच जागी, दोनदा.
काकू कोळंबी सोलत म्हणाली,
पूर्वी तिथे खिडकीखालून पहारेकरी जायचा म्हणे,
त्याची ती खूण.
मग सोलतच म्हणाली,
नाहीतर कुणा खापरपणज्याला नुसता दमा असेल.

फादरच्या वहीत ती जागा कोरी आहे.
मी पेन उघडलं,
पुष्कळ वेळ उघडंच ठेवलं,
मग वही टपालाने परत पाठवली,
सोबत वाळलेले चार माकूळ.

मुलीला सांगितलं, रकाना कोरा ठेव.
म्हणाली, कोरा चालत नाही.
मग "इतर" वर खूण कर.
इतर म्हणजे काय, असं तिनं विचारलं नाही.
हसली थोडी. मला ते आवडलं.

नव्या वर्षाला ती नवऱ्याला घेऊन आली.
दिवे मालवल्यावर मी गाद्या बाजूला केल्या,
बसलो, सुरू केलं,
आणि त्या जागी आल्यावर
दोनदा खाकरलो.

भिंतीपलीकडून तिचा झोपाळू आवाज,
"बाबा, औषध देऊ का?"

नको म्हणणार होतो.
पण तोवर पुढची ओळ आली होती.