स्ट्राँग नावाचं औषध

देवणीची भागीरथाबाई. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू.
मंगळवारी सुट्टी झाली, आणि तिचा भाचा दिगांबर
कागद घेऊन मोमीन मेडिकलला गेला.
म्हणाला, हे स्ट्राँग द्या.
कोनतं स्ट्राँग?
हे काय, लिवलंय की. दोनदा लिवलंय,
थेंबाच्या नावाआधी एकदा, नावानंतर एकदा.

इम्तियाजभाईनं चष्मा कपाळावर ढकलून कागद वाचला
आणि मला फोन केला.
तो हसत नव्हता, हे लक्षात राहिलं.

आमचे डॉक्टर बिरादार ब्राउझरमध्ये लिहितात.
औषधाचं नाव ठळक, वेळा तक्त्यात,
'डोळा चोळू नये' लाल अक्षरांत.
ते सगळं वर्डच्या कागदावर उतरवायचं काम माझ्या कोडचं.
मी मजकूर उचलला, जसाच्या तसा ओतला.
वर्डनं तो वाचला, नवं पोरगं नाटकाची वही वाचतं तसा:
'राजा रागाने उठतो' हेसुद्धा
मोठ्यानं म्हणून टाकत.

उदगीरच्या मोंढ्यात असं होत नाही.
तिथं भाव कन्नडमध्ये निघतो, उर्दूत तुटतो,
पावती मराठीत फाटते
आणि तूर तूरच राहते.

रात्री मी त्या फाईलचं नाव बदलून तिला झिप केलं, उघडलं.
आत फोल्डरांत फोल्डर,
परिच्छेदाला वेगळं घर, शब्दांच्या तुकड्याला वेगळं,
नुसत्या ठळकपणालाही स्वतःची खोली.
मग एक सोपी वाट सापडली.
वेबचा अख्खा तुकडा गाठोडं बांधून आत ठेवायचा,
कागदावर एवढंच सांगायचं, तो इथं आहे.
वर्ड फाईल उघडेल तेव्हा
गाठ तोच सोडेल, आपल्या भाषेत मांडून घेईल.
चार ओळींचं काम.
माझ्या मशीनवर लाल ते लाल, तक्त्याला रेघा.
मी पावणेदोनला झोपले. गाढ.

डिस्चार्जच्या टेबलावरचा कॉम्प्युटर ट्रस्टचा.
त्यावर वर्ड नाही, फुकटातलं दुसरंच काहीतरी आहे,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.
त्याला गाठोडं दिसलंच नाही.
त्यानं नाव छापलं, वय छापलं, गाव छापलं,
खाली सहीची रेघ ओढली
आणि मधे पांढरं.

स्ट्राँगबद्दल निदान विचारता तरी आलं.
पांढऱ्याबद्दल कोण काय विचारणार?
तिघं जण नीट घडी घालून घेऊन गेले.

गुट्टे सिस्टरनी पाचला मला बोलावलं,
एक शिल्लक कागद टेबलावर ठेवला, बोलल्या काही नाहीत.
आम्ही फोन लावले. दोघं लागले.
तिसरा, तोंडारचा, बंद.

स्कूटीवरून पोचले तेव्हा दिवे लागले होते.
म्हातारा ओट्यावर, डोळ्यावर हिरवा चष्मा,
कागद छातीच्या खिशात.
थेंब टाकलेच नव्हते.
मी कागद उलगडला. तोही वाकला, बोट फिरवत म्हणाला,
वर जरा जरा दिसतंय बाई, माझं नाव हाय.
मधलं दिसंना.
म्हनलं, उजेड यायचाय अजून डोळ्याला.
आला की वाचीन.

मी वेळा त्याच्याच कागदावर पेनानं लिहून दिल्या,
मोठ्या अक्षरांत, त्या पांढऱ्यात.
त्यानं वाचल्या. सकाळ. दुपार. झोपताना.
बघ, म्हणाला, आला.
मी काही बोलले नाही.

आता गाठोडं नाही.
एकेक खूण हातानं सोडवते, तिच्या जागी वर्डची खूण बसवते,
तक्त्याची रेघ न् रेघ स्वतः ओढते.
जी खूण ओळखू येत नाही
तिच्यातली अक्षरं साधी तर साधी, पण छापते.
चारशे ओळी झाल्यात. डॉक्टर म्हणतात, एवढं कशाला?

एकशे बाराव्या ओळीत तपासणी आहे,
मधला मजकूर रिकामा असेल तर कागद छापायचाच नाही.
तिच्याशेजारी, मशीन वाचत नाही अशा जागी,
मी एकच शब्द लिहून ठेवलाय.
तोंडार.