किती उरलं

उद्यमबागेत रात्री साडेअकराला लेथ थांबली.
पडद्यावर एकच पांढरी ओळ: कर्नल घाबरला.
नंदगडहून आईचा फोन, तिला तेच सांगितलं.
कुठला कर्नल गं? कॅम्पातला?
नव्हे. यंत्राच्या सगळ्यात आतला,
ज्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या असतात, तो.
मग त्याला घाबरवलं कुणी?

मी.
ड्रायव्हर मीच लिहिलाय.

बाहेरचा प्रोग्रॅम एक पत्ता देतो,
म्हणतो, माल इथं ठेवलाय, घे उचलून.
पत्ता आधी बघायचा: त्याच्याच अंगणातला आहे ना?
काही बेरकी आपल्याच माजघराचा पत्ता देतात.
एक आकडा ठरलेला. खाली तुमचं, वर आमचं.
आमच्या जिल्ह्यात सीमा हा शब्द जड आहे,
मी मनातल्या मनात हद्द म्हणते.

हे सगळं मी केलं होतं.
लांबी वाचली: चौसष्ट. ठीक.
चौसष्टापुरती जागा केली.
मग माल उतरवताना, का कोण जाणे,
लांबी त्याच्याच कागदावरून परत वाचली.
तोवर शेजारच्या धाग्याने तिथं
सहा हजार चारशे लिहून ठेवलं होतं.

गुरुसिद्ध हत्तरकी चहाचा कप पालथा घालत हसला.
त्याचे आप्पा संकेश्वरकडं उसाच्या काट्यावर होते.
वजन बघायचे, वही आणायला आत जायचे,
येऊन काटा पुन्हा वाचून लिहायचे.
तेवढ्यात चार पोरं ट्रॉलीवर चढून बसलेली असायची.
मग काय केलं त्यांनी?
काय करतात की! पेन घेतलं,
एकदाच बघितलं, तळहातावर लिहिलं.
नंतर काटा नाचू दे नाहीतर ट्रॉली उडू दे,
तळहात म्हणेल तेच खरं.

दोन ओळी खोडल्या. एक लिहिली.
एकदाच उतरवून घे, मग त्याच्याकडं वळून बघू नको.

कधी पत्ता बरोबर असतो, पान जागेवर नसतं,
डिस्कवरून येईपर्यंत थांबावं लागतं.
थांबताना हातात कुणाचं कुलूप धरून ठेवायचं नाही.
आणि पान कुठंच नसेल तर
नाही म्हणून सांगायचं, मरून पडायचं नाही.
हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात.
इथंही देत नाही.
मधल्या फटींत शून्यं भरते,
नाहीतर आपल्या घरातलं खरकटं,
कुणाची तरी अर्धी किल्ली,
भांड्याला चिकटून तिच्या ओट्यावर जाते.

या उतरवून घेण्याचं उत्तरही विचित्र.
किती आलं ते सांगत नाही,
किती उरलं ते सांगतं.
शून्य म्हणजे सगळं पोचलं.
नवखी होते तेव्हा शून्य बघून रडले होते.

पावणेचारला लेथ फिरली.
पितळेचा पहिला कीस वाकडा निघाला, मग सरळ.
गुरुसिद्ध बाकावर झोपला, बूट घालूनच.

सहाला आईचा पुन्हा फोन. नंदगडला टॉवर एकच,
शब्द येतात ते पोखरलेले.
झोप... का... डब्यात किती उरलं?

शून्य, मी म्हटलं.

अर्धी भाकरी होती, मेथी तशीच.
तिनं तपासलं नाही.